मुंबई ते लंडन : अंतर ठरलेले, मग विमानाचा वेळ का बदलतो?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांना निरोप देण्यासाठी सहारच्या टर्मिनल दोनबाहेर अर्धी अर्धी कुटुंबे जमतात. मूल आत गेले की घरी परतणाऱ्या आईवडिलांच्या फोनवर पुढचे दहा तास एकच नकाशा उघडा असतो आणि त्यावर ते छोटेसे विमान सरकत असते. बहुतेकांना पहिले प्रश्न याच नकाशावरून पडतात. लंडन वायव्येला असताना विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या दिशेने का निघाले? जायला साधारण दहा तास लागतात, मग त्याच वाटेने परत यायला नऊच का? दुपारी एकला निघालेले विमान संध्याकाळी साडेसहाला पोचेल असे तिकिटावर छापलेले असते, तर प्रवास साडेपाच तासांचाच आहे का? गेल्या काही वर्षांत ‘अमुक देशाने हवाई हद्द बंद केली’ अशा बातम्या वारंवार येऊ लागल्यापासून या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली आहे : कोणीतरी आकाश बंद केले म्हणजे नेमके काय केले, आणि त्याचा आपल्या तिकिटाशी काय संबंध?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन शहरांमधले अंतर भूगोलाने ठरते. विमानाला लागणारा वेळ मात्र भूगोल, वारा, राजकारण आणि विमानतळावरची गर्दी हे चौघे मिळून ठरवतात.

अंतर मोजतात कसे?

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश नोंदवलेले असतात. मुंबईचा बिंदू सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे, तर लंडनच्या हीथ्रोचा सुमारे ५१ अंश २८ मिनिटे उत्तर आणि ग्रिनिचच्या किंचित पश्चिमेला. या दोन बिंदूंना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणारी सर्वांत आखूड रेषा सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. विमान वाहतुकीत हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे हा आकडा ३,९०० सागरी मैलांच्या थोडा आत येतो. हे माप मनाला येईल तसे ठरवलेले नाही. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, आणि नकाशावर वाट आखणाऱ्याला ते आजही सोयीचे पडते.

‘सर्वांत आखूड रेषा’ हे शब्द वाचताना डोळ्यांसमोर भिंतीवरचा जगाचा नकाशा येतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. तो नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल असते. शाळांमध्ये सर्रास दिसणारा नकाशा मर्केटर याने १५६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर बेतलेला असतो. दिशा अचूक दिसाव्यात म्हणून या पद्धतीत ध्रुवांकडचा प्रदेश ताणून मोठा केला जातो. म्हणूनच ग्रीनलँड त्यावर भारताच्या कित्येक पट मोठे दिसते. प्रत्यक्षात त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या साधारण दोन तृतीयांश आहे. नकाशावर अंतरेही अशीच ताणली जातात.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी दोरा धरून तो घट्ट ताणून पाहावा. लंडनपेक्षा न्यूयॉर्कच्या बाबतीत फरक अधिक ठसठशीत दिसतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को असे देश ओलांडून अटलांटिकवर जाते, आणि तिची खरी लांबी १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरते. गोलावर ताणलेला दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो. सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानवरून तो रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वेकडे जातो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळपास स्पर्श करून कॅनडामार्गे न्यूयॉर्कला उतरतो. ही वाट सुमारे १२,५०० किलोमीटरची आहे. सतराशे किलोमीटरचा फरक म्हणजे विमानाचे जवळपास दोन तास.

गोलावरच्या या आखूड वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताचा तुकडा म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाईल असा सरळ काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्याचे शाळेत शिकलेले उदाहरण. विमान उत्तरेकडे वळसा घेताना दिसते तेव्हा ते बहुधा सरळच चाललेले असते, वाकलेला असतो तो नकाशा.

मुंबई–लंडन रेषेवर कोणते देश येतात?

मुंबई आणि हीथ्रो यांना जोडणारी बृहद्वृत्तीय रेषा बारकाईने पाहिली की गेल्या दहा-बारा वर्षांच्या आंतरराष्ट्रीय बातम्यांची अनुक्रमणिकाच समोर येते. मुंबईहून ती वायव्येला निघते आणि थेट कराचीवर जाते. तिथून बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा नैर्ऋत्य कोपरा आणि इराण ओलांडून ती कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावर येते. पुढे अझरबैजान, जॉर्जिया, काळ्या समुद्राचा काठ, क्रिमिया आणि युक्रेन लागतात, आणि त्यानंतर पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवरून, चेक प्रजासत्ताक आणि जर्मनी ओलांडून ती लंडनला पोचते.

मुंबईकरांना या रेषेचा पहिला तुकडा तसा जुनाच परिचयाचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा ते या वाटेच्या जवळपासच उडत होते. आज भारतीय विमानांना तो तुकडा बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांसाठी तसेच केले, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली जात राहिली. हे पहिल्यांदा घडत होते असेही नाही, कारण २०१९ मध्ये २७ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळातही पाकिस्तानवरची वाट अशीच अडली होती.

रेषेवर पुढे गेल्यास अफगाणिस्तान लागतो. तिथे ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तापालट झाल्यावर आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण कोलमडले आणि विमान कंपन्या बराच काळ तो भाग टाळत राहिल्या. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद आहे. उरला इराण. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि काही तासांत इराण, इराक, जॉर्डन आणि इस्रायल यांची आकाशे बंद झाली. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे तीन तास आकाशात राहून पुन्हा मुंबईलाच परत आले.

अशा वेळी उरते ती दक्षिणेची वाट. अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त आणि मग भूमध्य समुद्रावरून युरोप. मस्कत, रियाध आणि कैरो हे टप्पे धरून मुंबई ते लंडन अंतर जोडले तर ते ७,९०० किलोमीटरच्या आसपास जाते. मूळ रेषेपेक्षा हे सातशे किलोमीटरने जास्त आहे, म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला गेले तेही कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत गेले होते. तेव्हाच्या विमानाला एका दमात एवढे अंतर कापता येत नसल्यामुळे वाटेत उतरणे भाग होते. आजच्या विमानाला मुंबई–लंडन विनाथांबा सहज झेपते, आणि तरीही परिस्थितीने त्याला पुन्हा त्याच बाजूला ढकलले आहे.

मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे इथल्या विमानांना निदान दक्षिणेकडे मोकळी वाट तत्काळ मिळते. दिल्लीहून युरोपला निघालेल्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे यावे लागते आणि मगच पश्चिमेला वळता येते. पाकिस्तानी हद्दबंदीचा भार दिल्लीच्या प्रवाशांवर अधिक पडला, तो यामुळेच.

आकाश सर्वांचेच, मग एखादा देश ते बंद कसे करू शकतो?

हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण कायदा त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की आपल्या भूभागावरील आकाशावर प्रत्येक देशाची संपूर्ण आणि एकमेव सत्ता असते. दुसऱ्या देशाचे विमान तिथून जाते ते त्या देशाच्या परवानगीने, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी शुल्कही भरावे लागते. खुल्या समुद्रावरचे आकाश कोणाच्याच मालकीचे नाही, तिथे फक्त वाहतूक नियंत्रणाची जबाबदारी वाटून दिलेली असते.

काही वाचक विचारतील की अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला खालच्या युद्धाचा धोका तो काय? याचे उत्तर १७ जुलै २०१४ च्या घटनेत आहे. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील २९८ जणांचा मृत्यू झाला. त्या भागातील आकाश त्या दिवशी ३२ हजार फुटांपर्यंत बंद होते आणि विमान ३३ हजार फुटांवर होते. कागदावर ते नियमाच्या चौकटीत उडत होते. वळशामुळे झालेल्या उशिराबद्दल आपण कुरकुरतो तेव्हा हा आकडा आठवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

बंदीचा आणखी एक परिणाम प्रवाशांच्या लक्षात येत नाही. बंदी बहुधा सरसकट नसते, ती विमान कोणत्या देशात नोंदलेले आहे यावर असते. मुंबईहून लंडनला निघालेल्या ब्रिटिश कंपनीच्या विमानाला पाकिस्तानने रोखलेले नाही, भारतीय कंपनीच्या विमानाला रोखले आहे. उलट, रशियाचे आकाश २०२२ पासून ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे आणि भारतीय कंपन्यांना खुले आहे. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमध्ये, त्याच दिवशी, त्याच बनावटीच्या दोन विमानांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. रशियाच्या बंदीचा सर्वांत मोठा फटका फिनलंडला बसला. हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास थेट तेरा तासांवर गेला आणि विमाने उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घालू लागली.

उंचावरून गेल्याने अंतर वाढत नाही का?

वाढते, पण नगण्य. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे आणि विमान त्यावर फक्त अकरा किलोमीटर उंच असते. ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात याने साधारण बारा किलोमीटरची भर पडते, आणि तेवढे अंतर कापायला विमानाला एक मिनिटही लागत नाही.

जाताना दहा तास, येताना नऊ : वाऱ्याचा हिशेब

विमानाच्या वेगाला दोन आकडे असतात. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत विमान किती वेगाने जाते तो हवेतला वेग, आणि खालच्या जमिनीच्या तुलनेत किती वेगाने सरकते तो जमिनीवरचा वेग. पंखांना आणि इंजिनाला पहिला कळतो. लंडनला कधी पोचणार हे दुसरा ठरवतो. विमानात समोरच्या पडद्यावर उंची ३८ हजार फूट, बाहेरचे तापमान उणे ५६ अंश अशा ओळींमध्ये जो वेग झळकतो तो जमिनीवरचा असतो. जाताना तो ताशी ८२० किलोमीटर आणि परतताना ९८० दिसला तरी इंजिनाने कमी-जास्त जोर लावला असे समजू नये.

हा फरक पाडतो तो जेट प्रवाह. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अतिवेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यांना हे नाव आहे, आणि विमानेही नेमकी याच उंचीवर उडतात. या वाऱ्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि प्रसंगी तो तीनशेच्याही पुढे जातो. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक बोईंग ७४७ अटलांटिकवरच्या अशाच प्रचंड वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले. एरवी त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, पण त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत त्याच दिशेने धावत होती.

मुंबई–लंडनसाठी ढोबळ गणित करून पाहू. अंतर ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर वारा नसताना आठ तास लागतील. आता सबंध वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा आहे असे समजा. जाताना वेग उरतो ८०० आणि वेळ लागतो ९ तास. येताना वेग होतो १,००० आणि वेळ लागतो ७ तास १२ मिनिटे. दोन्ही मिळून १६ तास १२ मिनिटे होतात, वारा नसता तर १६ तास झाले असते. जाताना जे गमावले ते येताना पूर्ण परत मिळत नाही. याचे कारण असे की विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडते आणि अनुकूल वाऱ्याचा लाभ कमी वेळ घेते. वारा कोणताही असो, जाऊन-येऊन लागणारा एकूण वेळ त्याने वाढतोच.

हे वारे वर्षभर सारखे नसतात. हिवाळ्यात उष्णकटिबंधाच्या कडेचा जेट प्रवाह उत्तर भारत आणि पश्चिम आशियावर सरकतो आणि जोर धरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत लंडनला जायला अधिक वेळ लागतो आणि परतीचा प्रवास लवकर उरकतो. उन्हाळ्यात तो कमजोर होऊन हिमालयाच्या उत्तरेला जातो. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. त्याचे सविस्तर वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केले. तो विमानांच्या नेहमीच्या पातळीपेक्षा काहीसा वर असतो आणि लंडनचे विमान त्याच्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडते. तरीही आपल्या मोसमी पावसाशी निगडित असलेला हा वारा विमानाच्या वेळापत्रकालाही थोडा स्पर्श करून जातो, हे मला फार विलक्षण वाटते.

वारा रोज बदलतो म्हणून वाटही रोज नव्याने आखली जाते. उड्डाणाच्या काही तास आधी विमान कंपनीचा नियोजन विभाग हवामानाचे अंदाज, बंद हद्दी, शुल्क आणि इंधन हे सारे मांडून त्या दिवसाची वाट ठरवतो. जमिनीवर दोनशे किलोमीटर जास्त असलेली वाट वाऱ्यामुळे लवकर पोचवत असेल तर तीच निवडली जाते. इंटरनेटवरचे अंतर-गणक मात्र बृहद्वृत्ताच्या लांबीला एका ठरावीक वेगाने भागून वेळ काढतात, त्यात ना वारा असतो ना हद्दबंदी. त्यांचा आकडा ढोबळ अंदाजापुरताच घ्यावा.

पृथ्वीच फिरते आहे, मग विमान वर नुसते थांबले तर?

विमानप्रवासाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा तो वेग ताशी जवळपास १,५८० किलोमीटर आहे. मग पश्चिमेला असलेले लंडन आपोआप विमानाकडे का येत नाही?

विरारच्या जलद लोकलमध्ये उभे राहून नाणे वर उडवले तर ते मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, आपल्याच हातात परत येते. नाणे, आपण आणि डब्यातली हवा हे सगळे लोकलच्या वेगाने आधीपासूनच पुढे चाललेले असतात. विमान धावपट्टीवर उभे असते तेव्हा तेही पृथ्वीबरोबर ताशी १,५८० किलोमीटरने फिरत असते, आणि आकाशात झेपावल्यावर भोवतालची हवाही त्याच वेगाने फिरत असते. विमान हवेत ‘थांबले’ तरी मुंबईवरच थांबेल.

मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासावर परिणाम होतच नाही, असेही म्हणता येत नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे सरकणारी तापलेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातूनच जेट प्रवाहांना त्यांची दिशा मिळते. परतीच्या प्रवासात वाचणारा तास अशा आडवाटेने पृथ्वीच्या फिरण्याचीच देणगी ठरतो.

मग विमाने वेग का वाढवत नाहीत?

बोईंग ७४७ जानेवारी १९७० मध्ये सेवेत आले तेव्हा ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडत असे. आजचे बोईंग ७८७ सुद्धा तितक्याच वेगाने उडते. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणजे विमानाचा वेग ९०० च्या आसपास येतो. याहून पुढे गेल्यास पंखांवरून जाणारी हवा काही ठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते आणि हवेचा अडथळा एकदम वाढतो. कॉन्कॉर्ड १९७६ ते २००३ या काळात ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होते, पण त्याचे इंधन, तिकीट आणि आवाज हे तिन्ही न परवडणारे ठरले. गेल्या पन्नास वर्षांत विमानांनी इंधन वाचवायला शिकून घेतले आहे, वेळ वाचवायला नाही.

न उडताच जाणारा वेळ

तिकिटावर जो प्रवासाचा वेळ असतो तो उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नसतो. विमान टर्मिनलच्या दारापासून मागे ढकलले गेल्या क्षणापासून ते दुसऱ्या टोकाला दाराशी येऊन थांबेपर्यंतचा हा सगळा काळ असतो, आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. ७,२०० किलोमीटरला आठ तास पुरेसे असताना वेळापत्रकात दहा तास दिसतात, त्यात वळसा आणि वारा यांच्या जोडीला हाही हिस्सा असतो.

मुंबईत हा हिस्सा मोठा आहे. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला त्या एका धावपट्टीवरून ४४ ते ४६ विमानांची ये-जा होत आली आहे, म्हणजे दर ऐंशी सेकंदांना एक विमान उतरते किंवा उडते. रात्री निघणाऱ्या प्रवाशाने खिडकीतून पाहिले तर समोर शेपटीवरचे दिवे लुकलुकवत उभी असलेली विमानांची रांग दिसते आणि त्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, त्यामागचे एक मोठे कारण ही रांगच आहे.

हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण दिवसाच्या बहुतेक वेळी एक उतरण्यासाठी आणि दुसरी उडण्यासाठी वापरतात. लंडनच्या आजूबाजूला बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशी चार ठिकाणे ठरलेली आहेत. उतरायला जागा नसेल तर विमाने तिथे एकावर एक अशा थरांत गोल गोल घिरट्या घालतात. वरच्या थरातले विमान एकेक पायरी खाली येत शेवटी धावपट्टीकडे सोडले जाते. शिवाय रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत हीथ्रोवर मोजक्याच विमानांना मुभा असते. म्हणून अनुकूल वाऱ्याने लवकर पोचलेले विमान लवकर उतरेलच असे नाही.

या अनिश्चिततेमुळे कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. ‘वीस मिनिटे आधी पोचलो’ ही आनंदाची घोषणा बऱ्याचदा त्या सैल जागेतून आलेली असते.

तिकिटावरचे घड्याळ

आता राहिला साडेपाच तासांचा प्रश्न. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची. भारतीय प्रमाण वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. म्हणून लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. जुलैमध्ये मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचणाऱ्या विमानाचा खरा प्रवास साडेपाच अधिक साडेचार, म्हणजे दहा तासांचा. परतताना हेच साडेचार तास वजा करायचे. रात्री साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबईत उतरणारे विमान घड्याळाप्रमाणे साडेतेरा तास उडालेले वाटते, प्रत्यक्षात ते नऊ तासच प्रवासात असते.

यात मुंबईची स्वतःची एक जुनी गुंतागुंत होती. देशात प्रमाण वेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी ‘बॉम्बे टाइम’ या शहरात १९५५ पर्यंत चालू राहिला आणि तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. त्यामागे सरळ भूगोल होता. प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर बेतलेली आहे, मुंबई त्याच्या साडेनऊ अंशांहून थोडी अधिक पश्चिमेला आहे, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. १९४८ मध्ये लंडनला गेलेल्या त्या पहिल्या विमानाच्या प्रवाशांना शहराची वेळ, देशाची वेळ आणि लंडनची वेळ असा तिहेरी मेळ घालावा लागला असणार.

तिकीट काढताना दोन गोष्टी तपासाव्यात. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. डायरेक्ट विमान त्याच क्रमांकाने पुढे जाते, तरी मधे एखाद्या शहरात उतरू शकते. मधे कुठेही न उतरणारे असते ते नॉनस्टॉप. दुसरी गोष्ट तारखेची. मुंबईहून आंतरराष्ट्रीय विमाने मोठ्या संख्येने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४५ अशी वेळ असेल तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघावे लागते, १५ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचलेल्या प्रवाशाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते.